व्हय म्हणण्याआधी

आमच्या बाईंसमोर ‘प्रोग्राम चालतो’ असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर त्या चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "तुझ्यासमोर चालला ना? तू त्याची आई. आवशीसमोर सगळीच पोरां शाणी. तू नसताना काय करतो ते बघूया." मग स्वतः खुर्चीत बसायच्या आणि त्या प्रोग्रामला जे म्हणून द्यायला नको ते सगळं द्यायच्या. वय विचारलं की उणे सात. नाव विचारलं की नुसता स्वल्पविराम. महिना विचारला की ‘श्रावण’. प्रोग्राम आडवा झाला की बाई अशा खुलायच्या, जणू घरी पाहुणे आलेत. पिशवीतून खाजं काढून चूक शोधणाऱ्याच्या हातावर ठेवायच्या. दुसऱ्याच्या प्रोग्रामातली चूक सापडली तर एक, स्वतःच्या सापडली तर दोन. तीन वर्षांत मी इतकं खाजं खाल्लं की आता जत्रेत त्याचा वास आला तरी मला आपण कुठेतरी चुकलोय असं वाटतं.

कॉलेज मालवणपासून थोडं आत, भाताच्या मळ्यांना लागून. मी फोंडाघाटची. मला घाट चढून कोल्हापूरला धाडायचं की खाली मालवणला, याचा निर्णय बाबांनी आत्या मालवणात राहते एवढ्यावरून केला आणि मी बीएस्सी कॉम्प्युटरला येऊन पडले. पहिल्या दिवशी मी बाईंना ‘मॅडम’ म्हटलं. "मॅडम ऑफिसात बसतात. मी बाई," त्या म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली, सुती साडी, रबरी चपला, आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेला खडू. धामापुराहून, तिथल्या जुन्या तळ्याकाठाहून, पहिल्या एसटीने यायच्या. त्याआधी बंगळुरात मोठ्या पगारावर होत्या असं ऑफिसातले लोक सांगत, आणि परत का आल्या याच्या प्रत्येकाकडे वेगळ्या गोष्टी होत्या. बाईंना विचारलं तर त्या एकच शब्द बोलायच्या, "तळ्यासाठी."

गणपतीपर्यंत कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तोवर यंत्र म्हणजे बाई. फळ्यावर मोजक्या आज्ञा लिहिलेल्या असत: चाला, वळा, थांबा, उचला, ठेवा. त्यातून आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचा आणि बाई तो तंतोतंत पाळणार. एकदा सुरू झाला की मध्ये बोलायचं नाही, कारण यंत्राला कान नसतात.

खारेपाटणचा प्रथमेश आमच्या वर्गातला दीडशहाणा. त्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि लिहून दिलं: समोर भिंत येईपर्यंत सरळ चाला, मग उजवीकडे वळा आणि थांबा. त्याच्या मनातली भिंत वर्गाची होती. पण बाई उभ्या होत्या दारासमोर, आणि दार सताड उघडं होतं.

बाई चालायला लागल्या. दारातून बाहेर, व्हरांडा ओलांडून, पायऱ्या उतरून (आज्ञांमध्ये पायऱ्या उतरणं नव्हतंच, यावर नंतर आम्ही भांडलोही), फाटकातून रस्त्यावर आणि रस्ता ओलांडून थेट समोरच्या मळ्यात. लावणीचे दिवस. प्लास्टिकच्या खोळी पांघरून वाकलेल्या बायका पाठ सरळ करून बघायला लागल्या.

"बाईनु, खंय चल्लात?" एकीने विचारलं.

बाई गप्प. गुडघाभर चिखल, साडीची रया गेलेली, नजर समोर.

"खुळावली काय गो ही?" दुसरी म्हणाली.

आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला रांगेत. प्रथमेशच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. समोर मळ्याची मेर आली, म्हणजे मातीचा बांध, तेव्हा बाई थबकल्या आणि मान न वळवता सपाट आवाजात म्हणाल्या, "अनोळखी वस्तू. मेर ही भिंत आहे का? उत्तर द्या."

"व्हय!" आम्ही सगळे ओरडलो. लावणीच्या बायकाही ओरडल्या.

बाई उजवीकडे वळल्या आणि थांबल्या. मग विहिरीवर पाय धुऊन आल्या आणि तास पुढे सुरू झाला. "आज आपण काय शिकलो?" त्यांनी विचारलं. प्रथमेश खाली मान घालून म्हणाला, "दार बंद करूचा." बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "हे पण बरोबर." मग पुढचा पाऊण तास त्यांनी ‘भिंत’ म्हणजे काय हे आम्हाला ठरवायला लावलं, आणि ते ठरता ठरेना.

संध्याकाळी मी आत्याला सांगितलं की आमच्या बाई वेड्या आहेत. आत्या म्हणाली, "ता ऱ्हवांदे. शिकवतत कशे?" मी तिला भिंतीबद्दल सांगायला लागले, ते जेवण होईपर्यंत सांगतच होते.

पुस्तकातलं प्रकरण बाई पुस्तकातून कधी शिकवत नसत. ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला त्यांनी मला उभं केलं. "फोंड्याची, तू सांग. घाटात अरुंद वळणावर खालून एसटी आली, वरून ट्रक आला. दोघांच्या मागे गाड्या लागल्या. आता?"

"कुणीतरी मागे घ्यायला हवी."

"कोणी?"

"ज्याच्या मागे कमी गाड्या आहेत त्याने."

"त्याला वळणापलीकडचं दिसतं?"

"नाही. पण कंडक्टर उतरून बघून येतो."

"वा. आणि दोन्हीकडचे उतरले, दोघांनीही भल्या मनाने आपापली गाडी मागे घ्यायला लावली, मग दोघेही एकदमच पुढे आले, तर?"

हे मी आमच्या घाटात खरंच बघितलं होतं. दोन सज्जन ड्रायव्हर एकमेकांना वाट देत तासभर अडकले होते. मी तो तास पूर्ण उभी होते आणि माझ्या तोंडून एकेक गोष्ट काढून घेत बाई फळा भरत होत्या. घंटा झाली तेव्हा पुस्तकातलं सगळं प्रकरण फळ्यावर होतं आणि त्यात आमच्या घाटाबाहेरचा एकही शब्द नव्हता. वर्गातून बाहेर पडताना मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्यांना गंभीर झालेलं पहिल्या दोन वर्षांत मी एकदाच पाहिलं. दुसऱ्या वर्षी एक सिद्धता आली. कुठलाही प्रोग्राम दिला तर तो कधीतरी थांबेल की चालतच राहील, हे सांगणारा एकच एक प्रोग्राम लिहिता येत नाही. आज येत नाही असं नव्हे, कधीच येणार नाही. बाईंनी ती फळ्यावर हळूहळू मांडली आणि खडू खाली ठेवला. "पोरांनु," त्या म्हणाल्या, "हे माणसाला कळलं तेव्हा अशी यंत्रं बांधलेलीच नव्हती. यंत्र जन्मायच्या आधी त्याची हद्द सापडली." प्रथमेशला शांतता सोसवत नाही, तो म्हणाला, "बाई, आणि देवाक कौल लावलो तर?"

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "लाव. देव अंगावर चिकटवलेली उजवी पाकळी पाडून सांगतो, हा थांबेल. डावी पाडून सांगतो, नाही. देव कधी चुकत नाही असं धर. पण मग त्या देवाला विचारून चालणारे जे प्रोग्राम होतील, ते थांबतील का, हे त्या देवालाही सांगता येत नाही. त्याच्यासाठी वरचा देव लागतो. आणि त्याच्या वरचा." त्यांनी फळ्यावर एकावर एक रेघा मारायला सुरुवात केली आणि फळ्याची वरची कड आली तेव्हा टाचा उंचावून शेवटची मारली. गणितात असं काही असतं हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. घालणारा देवाला सगळं नीट फोड करून सांगतो: कोण आलाय, कुठला, काय मागतो, कशासाठी. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाईंच्या मते प्रोग्राम तपासायची याहून चांगली पद्धत कुणी काढलेली नाही. प्रोग्राम ज्या ज्या गोष्टी गृहीत धरून चालणार आहे त्या एकेक करून मोठ्याने सांगायच्या. ज्याने ती गोष्ट स्वतः तपासली असेल त्यानेच व्हय म्हणायचं. एक जरी गप्प राहिला तरी गाऱ्हाणं तिथेच थांबणार.

"बा संगणका म्हाराजा! ही यादी ल्हानापासून मोठ्यापर्यंत लावलेली आसा म्हाराजा!" बाई डोळे मिटून, हात जोडून म्हणायच्या.

"व्हय म्हाराजा!"

"त्या यादीत एकपण जागा रिकामी नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्राचार्यांनी शिपायाकरवी दार लावून घ्या म्हणून निरोप पाठवला होता. एकदा प्रथमेश नुसत्या तालात व्हय म्हणून गेला. बाईंनी डोळे उघडले. "तू बघलंस?" त्याने मान हलवली, नाही. "मग कोणाच्या जिवावर म्हटलंस?" एवढंच. त्याचे कान दिवसभर लाल होते.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही तिघं एकत्र होतो: मी, प्रथमेश आणि सायली. सायली किनाऱ्यावरची. तिचे वडील बाबल छोट्या होडीतून जाळी टाकायला जातात, आई मासे विकते. घरात कॉलेजचं तोंड बघितलेली ती पहिली, आणि आमच्यात सगळ्यात हुशार तीच, हे प्रथमेशही मान्य करायचा, फक्त तिच्यासमोर नाही. त्यांच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायटीला एक सोय हवी होती. होड्या पहाटे जातात, दहा-अकरापर्यंत परत येतात. सोसायटीचे चिटणीस किनाऱ्यावर बसून फोनवर नोंद करणार: अमकी गेली, अमकी परतली. दुपारी बारा वाजता एखादी परतलेली नसली तर सगळ्या होडीवाल्यांचे आणि घरच्यांचे फोन वाजणार, म्हणजे शोधायला जाता येईल. काम साधं होतं. सायलीने ते जीव ओतून केलं.

गाऱ्हाणं झालं. त्यातलं एक वाक्य होतं: "ह्या किनाऱ्यार एका नावाची एकच होडी आसा म्हाराजा!" चिटणीस नोंद नावानेच करणार, कारण किनाऱ्यावर होडीचा नंबर कुणीच उच्चारत नाही. बाई स्वतः आम्हा तिघांना घेऊन वाळूतून फिरल्या होत्या आणि रंगवलेलं प्रत्येक नाव वाचून आल्या होत्या. खरोखरच एकसारखी दोन नावं नव्हती. सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने बाईच म्हणाल्या, व्हय म्हाराजा.

बाबलच्या होडीचं नाव ‘भागीरथी’. ते त्याच्या आईचं नाव. बाबल आणि त्याचा धाकटा भाऊ तातू यांचं पाच वर्षांपूर्वी आई गेल्यावर फाटलं. चूल वेगळी झाली, बोलणं बंद झालं. जानेवारीत तातूने स्वतःची होडी पाण्यात घातली आणि तिच्यावर रंगवलं ‘भागीरथी’. लोकांनी समजावलं, दुसरं काहीतरी ठेव. तातू म्हणाला, "आवस ती माझी पण. नाव मी कित्याक सोडू?" बाबलला सांगितलं तर तोही हेच म्हणाला. किनाऱ्यावर यात घोटाळा कुणालाच वाटला नाही, कारण तातूची निळी आणि बाबलची हिरवी, हे आंधळ्यालाही कळलं असतं. कळलं नसतं ते फक्त आमच्या प्रोग्रामला. त्याच्या यादीत भागीरथी एकच होती.

तातूची होडी पहिल्यांदा मासे घेऊन आली त्या सकाळी चिटणीसांनी कौतुकाने फोन काढला आणि ‘भागीरथी परतली’ असं दाबलं. कॉलेजात सायलीच्या फोनवर तो संदेश आला. तिने मला दाखवला. आम्ही कँटीनमध्ये वडा-उसळ खाल्ली. बारा वाजले, कुणाचाच फोन वाजला नाही. तिची आई बाजारातून तीन वाजता घरी आली तेव्हा नवऱ्याची पेज तशीच झाकलेली. ती किनाऱ्यावर धावली. निळी होती, हिरवी नव्हती.

आम्ही पोचलो तोवर होड्या शोधायला गेल्या होत्या. बाईही आल्या, रिक्षातून, खडूचे हात तसेच. ऊन उतरायला आलं तेव्हा बाबलला ओढत आणलं. इंजिन बंद पडून तो दक्षिणेकडे वाहवत गेला होता. तोंड भाजलेलं, ओठ फुटलेले, पण धड होता. पाणी पिऊन तो म्हणाला, "वाटला, बारा वाजले काय कोणतरी येतलो. म्हणान बसान ऱ्हवलंय. कोण येवक नाय."

त्याने तक्रार केली नव्हती. जे झालं ते सांगितलं. सायली तिथेच वाळूत बसली.

बाई पुढे झाल्या. सगळा किनारा जमला होता. त्या म्हणाल्या, "चूक माझी. नावां मी तपासलंय, व्हय मी म्हटलंय. आज काय आसा ता बघलंय, उद्या काय होतला ता इचारूक नाय."

"बाईनु, इंजिन काय तुमी बंद पाडूक नाय," बाबल म्हणाला. लोकही म्हणाले, असू दे, माणूस आला ना. बाईंनी मान हलवली नाही. तातू तेव्हा मासे घेऊन बाजारात गेला होता. परतल्यावर त्याला सगळं कळलं, पण भावाच्या दारात तो आला नाही.

सायलीने दोन दिवसांत प्रोग्राम सुधारला. होडीच्या नावापुढे मालकाचं नाव, रंग आणि नंबर. नवी होडी यादीत आल्याशिवाय नोंदच होणार नाही. आता ‘भागीरथी, बाबल, हिरवी’ आणि ‘भागीरथी, तातू, निळी’ अशा दोन ओळी दिसायच्या. आम्ही प्रयोगशाळेत खोट्या होड्या पाठवून बघितल्या, खोट्या हरवून बघितल्या. चिटणीसांनी पुन्हा वापरायला घेतलं. सगळं रीतसर झालं आणि आम्ही सहीसाठी बाईंसमोर तीन प्रमाणपत्रं ठेवली. ‘सदर प्रकल्प समाधानकारकरीत्या चालतो’ असा छापील मजकूर, खाली मार्गदर्शकाची सही. ती असल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नाही.

बाईंनी वाचलं आणि परत केलं. "नाही करत."

आम्हाला आधी गंमत वाटली. मग फेब्रुवारी संपला. सायलीला आणि मला पुण्यात नोकरी ठरली होती, निकालावर. प्रथमेश दर दोन दिवसांनी काहीतरी नवीन तपासणी करून बाईंना दाखवायचा. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "खोटी होडी हरवली तर कोण खोटाच शोधूक जाता. माका काय त्याचा?" शेवटी सायलीचा बांध फुटला. स्टाफरूमच्या दारात उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "बाई, वर्ष जातला आमचा!"

बाई उठून तिच्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही. "वर्ष गेला तर परत येता, सायली."

सायली पाठ फिरवून निघून गेली. मला मात्र बाईंचा राग आला, अगदी मनापासून आला. वडील तिचे, चूक सुधारली तिने, आणि शिक्षा तिलाच? आत्याकडे मी जेवताना बाईंना वाटेल ते बोलले.

मार्चातला एक रविवार. मी सायलीकडे राहायला गेले होते. ते तीन कागद तेव्हा सदा माझ्या पिशवीत असायचे, न जाणो बाई कुठे भेटल्या आणि त्यांचं मन पालटलं तर. अकराच्या सुमाराला होड्या आल्या. बाबलची आली नव्हती. सायलीची आई म्हणाली, येतले, जाळी जड असतील. आम्ही ओट्यावर कांदे चिरत बसलो. सायलीचं लक्ष फोनकडे होतं, पण ते तर जानेवारीपासून नेहमीच असायचं.

बारा वाजले आणि फोन वाजला. तिचा, आईचा, शेजारच्या घरातला. ‘भागीरथी, बाबल, हिरवी. परतली नाही.’ पाठोपाठ किनाऱ्याकडून फोन वाजल्याचे आवाज यायला लागले, एकामागून एक, जसे होडीवाले बसले होते तसे. सायली विळीवरून उठली ती अनवाणी धावली. मी मागे.

किनाऱ्यावर तातू जाळं विणत बसला होता. आम्ही पोचलो तेव्हा जाळं वाळूत पडलेलं होतं आणि तातूची निळी होडी पाण्यात होती. त्याने कुणाला हाक मारली नाही, कुणासाठी थांबला नाही. इंजिन सुरू करताना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्याच्या मागून आणखी दोघातिघांनी होड्या लोटल्या. चिटणीस फोनवर कोस्टल पोलिसांचा नंबर लावत होते.

आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. सायलीची आई देवाला गाऱ्हाणं घालत होती आणि तिला व्हय म्हणायला आसपास कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणत होते. मी तपासलेलं काहीच नव्हतं, तरी म्हणत होते.

मग खडकाच्या टोकाआडून निळी होडी दिसली. तिच्यामागे दोरीला बांधलेली हिरवी. आणि सगळ्यात आधी कानावर आला तो तातूचा आवाज, पाण्यावरून स्पष्ट.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! मेल्या, जिवाची मस्करी करतंस? हय माझो जीव जाता आणि तू भाकरी खातंस?"

"अरे, पण इंजिन चालू आसा! दोरी कित्याक बांधलंस?" हिरव्या होडीतून बाबल ओरडत होता.

"गप बस! माका नाय पटत तुझा इंजिन!"

पाच वर्षांत भाऊ एकमेकांशी पहिल्यांदा बोलत होते. आणि बाबलच्या मागे, होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, केस विस्कटलेल्या, हिरव्या-पिवळ्या तोंडाने पाण्यात ओकत असलेल्या आमच्या बाई होत्या.

पहाटे त्या पहिल्या एसटीऐवजी भाड्याची रिक्षा करून आल्या होत्या आणि बाबलबरोबर होडीत चढल्या होत्या. कुणाला सांगायचं नाही, फोन बरोबर घ्यायचा नाही, टोकाच्या खडकाआड नांगर टाकून बसायचं. हे त्या दोघांनाच माहीत होतं.

त्यांना धरून खाली उतरवलं. सायली समोर उभी राहिली. "बाई, तुमका पोहूक तरी येता काय?"

"नाय," बाई म्हणाल्या आणि वाळूत बसल्या.

सायलीला रडू फुटलं. मग ती बापाकडे वळली. "आणि बाबा तुमी? तुमी कशे तयार झालात? आमचा काय झाला आसात ह्याचो इचार केलात?"

बाबल दोरी सोडवत होता. तातूने मारलेली गाठ त्याला सुटेना. तो खाली मान घालून म्हणाला, "माका पण बघूचा होता गो. ह्या टायमाक कोण येता काय."

तातू दुसरीकडे बघत होता.

"मी बाईंका इचारलंय," बाबल पुढे म्हणाला, "एक वाजलो, कोण येवक नाय, तर काय करुया? ती म्हणाली, बसान ऱ्हवया. म्हटलंय, तिनाक? बसान ऱ्हवया. म्हटलंय, बाई, कोण आलाच नाय तर? ती म्हणाली, तर माझी सही कोणाक व्हयी, बाबल?"

सायलीची आई वाटीत पेज घेऊन आली. बाईंनी ती घ्यायला हात पुढे केला आणि वाटी हिंदकळली, पेज साडीवर सांडली. दोन्ही हातांनी धरली तरी वाटी थांबेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई घाबरलेल्या होत्या. आताच नव्हे, पहाटेपासून, होडीत पाय ठेवल्यापासून. तीन वर्षं मला वाटत होतं की या बाईला भीती म्हणून ठाऊक नाही.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कागद हाडलंस?"

मी पिशवीतून काढले. निळ्या होडीच्या अंगावर कागद टेकवून त्यांनी तिन्हींवर सह्या केल्या. हात कापत होता, त्यामुळे अक्षर कुठल्या कुठे गेलं. आठवड्याने कॉलेजच्या ऑफिसने ते कागद परत पाठवले, सही जुळत नाही, पुन्हा करा म्हणून. बाईंनी केली नाही. त्या स्वतः ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, सही माझीच आहे, आणि मी आजवर केलेल्यात तीच खरी आहे.